एकांडा

बोकड विकत घेताना आधी त्याचे दात बघायचे की आधी शेपटीखाली हात घालायचा, यावर आमच्या अंगणात दोन पक्ष होते. माझे वडील, ज्यांना मी आबा म्हणायचो, ते दातांकडून सुरुवात करायचे. पौडहून बोकड खरेदीला येणारे लतीफचाचा उलट्या टोकाकडून. दोघं बोकडाच्या बरगड्यांपाशी भेटले की आई चहा आणायची. शेळीच्या दुधाचा, गूळ आणि गवती चहा घातलेला. चाचा पहिला घोट घेऊन दर वेळी म्हणायचे, "वैनी, ह्यो चहा प्याला की भाव वाढवून द्यावासा वाटतोय. म्हनून मी आदी भाव ठरवतोय आन् मग पितोय." आई पदराआड हसायची. हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल आणि शंभरही वेळा आई हसली. आज लग्नाच्या मांडवात माइक हातात धरून मी पाहुण्यांना हसवतो, तेच तेच विनोद दर हंगामात नव्यानं खपवतो, त्याची दीक्षा मला लतीफचाचांनी दिली.

आमचं घर रिहे खोऱ्यात, भातखाचरं संपून डोंगर सुरू होतो तिथं. घरात तीन माणसं आणि चाळीसेक शेळ्या. मधे एक कुडाची भिंत, सारवलेली, जागोजागी पोपडे निघालेली. त्या भिंतीमुळे आमचं त्यांच्यापासून काही लपत नसे आणि त्यांचं आमच्यापासून. पहाटे सगळ्यात आधी एक म्हातारी शेळी शिंकायची. हुबेहूब माणसासारखी, इतकी की नवा पाहुणा झोपेतच "बरं हाय ना?" असं विचारायचा. मग गळ्यातल्या घंटा, मग करडांचा कालवा, मग आईच्या हाताखाली भाकरीची थापथाप. न्याहारीला नाचणीची भाकरी आणि तव्यावर परतलेली सुकट. जेवणाला आंबेमोहोराचा भात. भात शिजायला लागला की त्याचा वास शेळ्यांच्या वासावर मात करायचा प्रयत्न करी, आणि रोज हरत असे. आता आमच्या त्याच जागेला लागून तीन फार्महाऊस झाली आहेत. शनिवारी पुण्याची मंडळी येतात, मोठ्यानं गाणी लावतात आणि रविवारी सकाळी गच्चीत उभी राहून, इथं किती शांतता आहे, असं एकमेकांना ओरडून सांगतात.

शेळ्यांच्या घरात वाढलेल्या पोराला पुनरुत्पादन शिकवावं लागत नाही. शेळी शेपूट नाचवत ओरडत हिंडायला लागली की ती माजावर आली. फळली की तिथून पाच महिने मोजायचे. व्याली की करडामागून वार पडेपर्यंत कुत्र्यांना जवळ येऊ द्यायचं नाही. हे सगळं आमच्याकडे जेवताना बोललं जाई. आबा भातात कालवण ओतता ओतता विचारत, "बांडी फळली का गं?" आणि आई, "फळली, पर मला काय भरवसा न्हाई वाटत," असं म्हणून त्यांना आणखी भात वाढी. अडलेल्या शेळीच्या पोटातलं करडू कसं फिरवून घ्यायचं, हे मी आठव्या वर्षी शिकलो होतो. पण हे सारं ज्ञान कुडाच्या भिंतीशी येऊन थांबायचं. माणसाची पोरं कुठून येतात, असं एकदा मी विचारलं, तर आई म्हणाली, "गप जेव." त्या काळात मुळशी तालुक्यातलं सगळं लैंगिक शिक्षण या दोन शब्दांत आटोपत असे.

पैदाशीचा बोकड निवडणं हा आबांचा खास सोहळा. चांगल्या आईच्या पोटचा हवा, पाय सरळ हवेत, आणि खाली दोन्ही बाजू सारख्या भरलेल्या हव्यात. एखाद्या बोकडाचं एकच खाली उतरलेलं असलं, तर त्याला आमच्याकडे शब्द होता, एकांडा. एक अंड असलेला, म्हणून एकांडा. सरळ हिशेब. आबा चाचपून बघत, मान हलवत, आणि दोराचं टोक लतीफचाचांच्या हातात देत म्हणत, "एकांडा हाय. खायाला चालतोय, वंशाला न्हाई." हे ते इतक्या सहज म्हणत, जसं एखादा म्हणेल, या छत्रीची एक काडी मोडली आहे.

आता माझ्या गोष्टीकडे वळतो, आणि प्रेक्षकांतल्या सभ्य मंडळींना विनंती करतो की त्यांनी जागा सोडू नये. आठ-नऊ वर्षांचा असताना ओढ्यावर इतर पोरांबरोबर पोहताना मला हिशेबातली एक तफावत लक्षात आली. त्यांची दोन आणि माझं एक. मी पाण्यातून बाहेर आलो, चड्डी चढवली, आणि त्यानंतर मला पाण्याची भीती वाटायला लागली, असं सगळ्यांना सांगितलं. पाच वर्षं मी ती भीती इतक्या उत्तम रीतीनं वठवली की गावात मला भित्रा म्हणत आणि मला ते चालायचं. भित्र्याला कोणी दोर लावून विकत नाही. माझ्यानंतर आईला मूल झालं नव्हतं. घरात येणारा प्रत्येक नातेवाईक माझ्या डोक्यावर हात ठेवून, "वंशाचा दिवा," असं म्हणे, आणि आबा कौतुकानं माझ्याकडे बघत. मग मी उठून शेळ्यांकडे जाई. आबांचे ते हात, जे चाचपून दोन क्षणांत निकाल देत, ते मला माहीत होते.

शाळा डोंगराला वळसा घालून पलीकडच्या गावात होती. तेराव्या वर्षी मी आठवीत होतो आणि दहावीतल्या एका पोराचं विज्ञानाचं पुस्तक मिळवून मी त्यातला तो धडा वाचला. आकृती स्वच्छ होती, दोन्ही बाजू आरशात बघितल्यासारख्या सारख्या. खाली लिहिलं होतं, वृषण. हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. वृषभ म्हणजे बैल हे ठाऊक होतं, त्यामुळे मला वाटलं, हा धडा बैलाचा आहे आणि छपाईत चूक झाली आहे. सबंध धडा मी बैलाचा म्हणून वाचला. बैलाला दाढी-मिशा फुटतात आणि त्याचा आवाज बदलतो, असं त्यात दिलेलं पाहून माझा विज्ञानावरचा विश्वासच उडाला.

माझा आवाजही तेव्हा बदलतच होता. वाक्य सुरू करायचो माझ्या गळ्यानं आणि संपायचं ते आमच्या म्हाताऱ्या शेळीच्या गळ्यानं. तरी बोलायची हौस दांडगी. आमच्या मराठीच्या पानसेबाई पुण्याहून नुकत्याच बदलून आल्या होत्या. इस्त्रीची साडी, शुद्ध बोलणं, आणि प्रत्येक पोराला "अहो बाळ" म्हणायच्या, त्यामुळे सगळी पोरं त्यांच्यासमोर दोन वर्षांची होऊन जात. त्यांनी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी नावं मागितली. सबंध शाळेतून एकच नाव आलं, माझं. सकाळच्या प्रार्थनेनंतर बाईंनी मला पायरीवर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि भरल्या आवाजात म्हणाल्या, "मुलांनो, एवढ्या मोठ्या शाळेतून एकच वीर पुढे आला. हा पाहा, आपल्या शाळेचा एकांडा शिलेदार!"

पुण्यात या शब्दांचा अर्थ, आपला घोडा घेऊन एकट्यानं लढायला निघालेला योद्धा. बाईंच्या मनात तोच घोडा दौडत होता. पण समोर बसलेल्या अडीचशे पोरांपैकी निम्म्यांच्या घरी शेळ्या होत्या. पाठीमागून एकजण ओरडला, "खायाला चालतोय, वंशाला न्हाई!" आणि शाळा फुटली. पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती, पोरी ओढणीत तोंड खुपसत होत्या, शिपाई भिंतीला टेकला होता. बाई गोंधळल्या. त्यांना वाटलं, शब्द अवघड पडला. चांगल्या शिक्षिकेनं जे करावं तेच त्यांनी केलं. "हसता काय? एकांडा म्हणजे एकटा लढणारा! म्हणा माझ्याबरोबर, एकांडा!" आणि अडीचशे पोरं एका सुरात म्हणाली, "एकांडा!" बाई म्हणाल्या, "पुन्हा!"

इतरांसाठी ती नुसती कोटी होती. मला मात्र वाटलं, कळलं. कुणीतरी ओढ्यावर बघितलं असणार, बाईंना सांगितलं असणार, आणि आता सरकारी पातळीवर जाहीर झालं आहे. मी पायरीवरून उडी मारली, दप्तर तिथंच टाकलं आणि शाळेच्या फाटकातून जो सुटलो तो डोंगराचा वळसा संपेपर्यंत थांबलो नाही. आजवर मी पुष्कळ रंगमंचांवर चढलो आहे, काही ठिकाणांहून उतरवलाही गेलो आहे, पण तशी एक्झिट पुन्हा जमली नाही.

घरी आबा नव्हते, रानात गेले होते. आई ओढ्यावर धुण्याला. अंगणात जांभळीखाली लतीफचाचा एकटेच आबांची वाट बघत बसले होते आणि पायाशी आलेल्या करडाला पानं भरवत होते. मला धापा टाकताना पाहून त्यांनी तांब्या पुढे केला.

"काय रं बबन, साळा सुटली का तू सुटलास?"

मी पाणी प्यालो. मग करडाकडे बघत विचारलं, "चाचा, एकांड्या बोकडाचं दुसरं कुटं असतंय?"

"पोटात. खाली यायचं राह्यलेलं असतंय."

"मंग ते खाली आनता न्हाई येत?"

"बोकडाला कोन आननार? त्याला काय दवाखाना हाय?" ते हसले. "का रं? कुटला एकांडा निगाला?"

"न्हाई. आसंच." मी थांबलो. "आन् मानसाला?"

'मान' माझ्या आवाजात निघालं आणि 'साला' शेळीच्या. चाचांचा पानं धरलेला हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. करडाच्या कपाळावरचा पांढरा टिळा अंगठ्यानं पुसल्यासारखा करत ते म्हणाले, "मानसाला दवाखाना हाय की. माज्या बहिनीचा पोरगा हाय, सलीम. आमच्यात सुंता करत्यात, तवाच कळलं. दुसरं न्हाई. पुन्याला न्हेला, डाक्टरनं खाली आनून टाका घातला. आता टेम्पो चालवतोय. तीन पोरं हायेत, तिन्ही वात्रट."

मी रडायला लागलो. आवाज फुटत असताना रडणं फार अवघड असतं. कुठला सूर लागेल सांगता येत नाही.

"तुजंबी तसंच हाय व्हय?"

मी मान हलवली.

"आबाला म्हाईत हाय?"

"न्हाई. त्येंला नगा सांगू. ते मला इकतील."

चाचा हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, माझं तोंड पुसलं आणि गंभीरपणे म्हणाले, "आरं पर घेनार कोन? गिऱ्हाईक मीच ना? मी न्हाई घेत, जा." मग म्हणाले, "पर सांगायला लागंल. तू सांगतोस का मी?"

मी पेंढ्यामागे जाऊन बसलो, म्हणजे उत्तर दिलं.

आबा आले तेव्हा चाचांनी आधी बोकडाचा व्यवहार उरकला. नंतर बोकडाच्या पाठीवर हात ठेवून, आबांकडे न बघता, हळू आवाजात पाच-सहा वाक्यं बोलले. पेंढ्यामागून मला फक्त आबांची पाठ दिसत होती. ती हलली नाही. चाचा चहा न घेताच गेले. आईनं विचारलं तर म्हणाले, "आज नगं वैनी, आज भाव वाढला आसता."

जेवायला बसलो. आबा ताटाकडे बघत म्हणाले, "तुला म्हाईत व्हतं?"

मला वाटलं, मला विचारतायत. पण भाकरी उलटता उलटता आईचा हात तव्यावरच राहिला. भाकरी करपायला लागली तरी तिनं उचलली नाही. "सुईनच म्हनली व्हती," ती म्हणाली. "एकच उतरलंय, दुसरं उतरंल मागनं. मी वाट बगत व्हते. मंग तुमी त्यो कबरा एकांडा बोकड इकला, त्याच आटवड्यात. म्हनलं, ह्येंला कसं सांगू?" ती माझ्यापेक्षा आठ वर्षं जास्त हे गुपित सांभाळत होती. आम्ही दोघं एकाच चुलीपुढे रोज बसून, एकाच माणसापासून, एकच गोष्ट लपवत होतो, आणि एकमेकांपासूनही. आबा ताट तसंच ठेवून उठले आणि भिंतीपलीकडे शेळ्यांत गेले. त्यांना माझा राग आला की आईचा की लतीफचाचांचा, काही कळेना. पाठीला डोळे नसतात, नाहीतर मी विचारलं असतं.

सकाळी उठलो तर आबा धुतलेला पायजमा, पैरण आणि लग्नातला फेटा घालून ओट्यावर बसलेले. "चल," म्हणाले. एवढंच. शेळ्या शेजारच्यांवर सोपवल्या होत्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. आईनं भाकरी-चटणी बांधली, तीही बरोबर निघाली आणि एसटीच्या थांब्यावर आम्हा दोघांना बजावलं, "कुनी इचारलं तर अंतर्गळ सांगायचं. अंतर्गळ सगळ्यांला हुतोय." अंतर्गळ म्हणजे हर्निया. आबांनी हुंकार दिला.

पुण्यात एका मोठ्या सरकारी दवाखान्यात दोन-तीन खिडक्यांपुढे उभं राहून शेवटी आम्ही ज्या खोलीत पोचलो, तिथं डॉक्टर म्हणून एक बाई बसल्या होत्या. आबा उंबऱ्यातच थबकले. माझ्या मनात पुन्हा फाटक आणि डोंगराचा वळसा आला. बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज भाजीबाजारात चालेल असा खणखणीत. त्यांनी पडद्यामागे मला तपासलं. तेवढ्या वेळात एसटीला किती वेळ लागला, वाटेत मी काय खाल्लं, हे विचारत राहिल्या. मी उत्तरं देईपर्यंत सगळं आटोपलं होतं. बाहेर आल्यावर त्यांनी केसपेपर पालथा केला आणि पेन काढलं.

"नाव काय म्हणालास?"

"बबन." नेमका तेव्हाच आवाज चिरकला.

"वा," त्या खूश झाल्या. "ऐकलंत? तुमच्या मुलाचं एक वृषण उत्तम काम करतंय. आत्ता तेच बोललं."

आई भिंतीकडे बघायला लागली. बाईंनी कागदावर एक डोकं काढलं आणि त्यात एक ठिपका दिला. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, पीयूषिका नावाची. वय झालं की ती रक्तातून निरोप धाडते. त्या निरोपाला संप्रेरक म्हणतात. तो निरोप मिळाला की वृषण आपलं संप्रेरक तयार करतं, ते रक्तातून गळ्यापर्यंत जातं आणि आवाज जाड करतं. पेन सरसर खाली गेलं आणि पुन्हा वर आलं. वृषण म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळलं. माझा बैल चालता चालता एकदम माझ्याच अंगात शिरला.

मग त्यांनी दुसरं चित्र काढलं, आईच्या पोटातल्या गर्भाचं, शेंगेएवढं. "पहिले सहा-सात आठवडे मुलगा आणि मुलगी यांच्यात काही फरक दिसत नाही," त्या म्हणाल्या. "दोघांच्याही पोटात, मूत्रपिंडापाशी, दोन छोट्या गाठी असतात. त्याच गाठींची मुलीत अंडाशयं होतात आणि मुलात वृषणं. अंडाशयं थोडी खाली येतात आणि ओटीपोटात थांबतात. वृषणांना लांब जायचं असतं. पोट ओलांडून, जांघेतल्या एका बारीक वाटेनं, अगदी बाहेर. कारण आत ऊब फार. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात आणि त्यांना गारवा लागतो."

आबा पहिल्यांदाच बोलले. "म्हंजी उबवनीच्या उलटं."

"बरोबर उलटं," बाई म्हणाल्या. "बहुतेक मुलांची जन्माच्या आधीच खाली पोचतात. तुमच्या मुलाचं एक पोचलं. दुसरं इथं थांबलं." त्यांनी जांघेच्या जागी फुली मारली.

आबा फुलीकडे बघत राहिले. तरुणपणी ते भावकीची मेंढरं घेऊन ताम्हिणीतून कोकणात उतरत असत. त्यांचं बोट कागदावर आलं, वरच्या गाठीपासून हळूहळू खाली सरकलं आणि फुलीपाशी थांबलं. "म्हंजी घाटात राह्यलं."

"हो. घाटात राहिलं."

"आन् तितंच राह्यलं तर?"

"तर ते काम करणार नाही, आणि पुढे कधी त्यात वाईट गाठ व्हायची भीती. लहानपणीच आणायला हवं होतं. तेव्हा आणलं असतं तर जास्त बरं होतं." आईचा चेहरा उतरला. ते बघून बाईंनी आवाज खाली आणला. "आता आणलंत ना? छोटं ऑपरेशन आहे. आपण जाऊन त्याला खाली घेऊन येऊ आणि टाका घालून बसवू."

आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. बोकडाच्या बाबतीत ज्या प्रश्नाला त्यांना दोन क्षण लागत, तो विचारताना त्यांनी फेट्याचं टोक दोनदा गुंडाळलं. "बाई, ह्याला... म्होरं..."

"मुलं होतील का, हेच ना? एक चांगलं असलं तरी होतात. हे दुसरं किती काम करेल, ते आज मी सांगू शकत नाही. खोटं कशाला बोलू?"

मी आबांच्या हातांकडे बघत होतो. आता ते मान हलवतील आणि दोर पुढे करतील, असं मला खरोखर वाटत होतं. आबांनी कागद उचलला, नीट चार घड्या घातल्या, पैरणीच्या खिशात ठेवला आणि जरा चिडूनच म्हणाले, "न्हाई झाली तर न्हाई झाली. घाटात एकांदं मागं राह्यलं तर मानूस माघारी जातोय का न्हाई आनायला? कंदी खाली आनताय ते सांगा."

मला दोन मुली आहेत. हे प्रकरण मी बोलतो आहे आणि थोरली ते संगणकावर उतरवते आहे. मघाशी ती म्हणाली, "बाबा, हे छापणार?" मी म्हणालो, "गप जेव." ती जेवत नव्हती, पण अर्थ पोचला.

ऑपरेशन झालं. भूल उतरली तेव्हा मी एका लांबलचक वॉर्डात होतो, जांघेत ठणका, तोंडाला कोरड. आई माझ्या ओठांना ओला बोळा लावत होती. आबा स्टुलावर बसले होते. दुपार होती, उन्हाचे पट्टे खाटांवर पडले होते, कुणाच्या तरी डब्यातल्या मेथीचा वास येत होता. शेजारच्या खाटेवर नेरे गावचे एक आजोबा होते, अंतर्गळाचं खरंखुरं ऑपरेशन झालेले. त्यांच्याजवळ त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा मोठा बोलका, सकाळपासून अख्ख्या वॉर्डाची चौकशी करून झालेली. आमची पाळी आली.

"पावनं, पोराला काय झालंय?"

आईनं डोळे वटारले. मीही डोळे मिटून मनातल्या मनात म्हणालो, अंतर्गळ, आबा, अंतर्गळ.

"वृषान," आबा म्हणाले. शब्द नवीन होता, त्यांना तो आवडला होता, आणि रानात हाळी द्यायची सवय असल्यामुळे त्यांचा साधा आवाजही तीन खाटांपलीकडे जात असे. "एक वृषान पोटातच राह्यलं व्हतं. घाटात. बाईनं खाली आनलं."

माणूस हसला. "म्हंजी एकांडा!"

मी चादर डोक्यावर ओढली. पातळ सरकारी चादर, तिच्यातून सगळं दिसत होतं. आबा रागावले नाहीत. त्यांनी खिशातून तो घड्या घातलेला कागद काढला, माझ्या पायांवर पसरला आणि हसणाऱ्या माणसाला हातानं जवळ बोलावलं. मग त्यांनी जी सुरुवात केली! वाटाण्याएवढी गाठ, तिचा निरोप, मूत्रपिंड, बारीक वाट, आतली ऊब, बाहेरचा गारवा. बाईंनी सांगितलेलं एक अक्षर त्यांनी सोडलं नाही, आणि स्वतःच्या पदरचा अख्खा ताम्हिणी घाट त्यात घातला. पलीकडच्या खाटेवरचा एक पेशंट सलाईनची नळी सांभाळत कोपरावर उठून बसला. "ल्हान हाय तवाच आनायचं आसतंय," आबा म्हणाले. "ह्याच्या आयला तेरा वर्सं म्हाईत व्हतं. ती माज्या भ्यानं बोलली न्हाई. चूक माजी हाय."

चादरीखालून मी आईकडे बघितलं. तिचा बोळा धरलेला हात माझ्या हनुवटीपाशी थांबला होता आणि बोळ्यातलं पाणी माझ्या मानेवरून खाली जात होतं.

नेऱ्याच्या आजोबांची सून, म्हणजे त्या बोलक्या माणसाची बायको, मेथीचा डबा बंद करत होती. झाकण तिला लागेना. ते तिनं तसंच ठेवलं.

"चार वर्साचा हाय," ती म्हणाली.

नवऱ्यानं वळून बघितलं. "कोन?"

"आपला," ती म्हणाली. "त्याचंबी एकच हाय."

आबांनी आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि कागद उचलून तिच्या बाजूला फिरवला.